ट्यूनिंगनंतर पंधरवड्यात परत येणारं मिसिंग: जुन्या फियाट आणि पद्मिनीसाठी

फियाट 1100 डिलाइट, प्रीमियर प्रेसिडेंट, पद्मिनी. 1964 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या या गाड्यांचं पेट्रोल इंजिन मुळात एकच, चार सिलिंडरचं 1089 सीसी. त्यांच्या मालकांची तक्रारही बहुतेक वेळा एकच असते. गाडी मिस मारते, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच पेटत नाही: स्लोवर (एक्सलरेटर न दाबता) थरथरते, सिग्नलला बंद पडते, दुसऱ्या गिअरमध्ये उचलताना झटके देते. गॅरेजमध्ये पॉइंट (इग्निशनचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) घासतात, प्लग साफ करतात, कार्बोरेटरचे दोन स्क्रू फिरवतात आणि गाडी छान चालायला लागते. दोन आठवडे गेले की पुन्हा तेच.

असा त्रास परत येतो तेव्हा पुन्हा ट्यूनिंग करून घेण्यात पैसे घालवू नका. केलेली सेटिंग टिकत नाही याचा अर्थ तिला जागेवरून हलवणारा एखादा भाग झिजलेला किंवा निकामी आहे. कॅमवर घासणारी पॉइंटची टाच, डिस्ट्रिब्युटरचा (चारही प्लगना करंट वाटणाऱ्या भागाचा) सैल बुश, म्हणजे शाफ्टला धरणारी नळी, मेलेला कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा भाग), टाकीतून येणारा गंज, खाली बसत चाललेली व्हॉल्व्ह सीट. शोधायचं आहे ते यातलं. बहुतेक जण सुरुवात कार्बोरेटर उघडून करतात, आणि तिथेच सगळी वाट चुकते. कार्बोरेटर सगळ्यांत शेवटी. आधी कॉम्प्रेशन, मग करंट, मग हवा, मग पेट्रोल. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलल्यावर गाडी चालवून पाहा. प्लग, पॉइंट आणि जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) एकाच दिवशी बदलले तर फरक कशामुळे पडला हे कधीच कळत नाही.

आधी ऐका

पाना उचलण्याआधी त्रास नेमका कधी होतो ते टिपून ठेवा. गार इंजिन नीट चालतं आणि वीस-पंचवीस मिनिटांनी बिघडतं? कंडेन्सर, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) किंवा पेट्रोलची वाफ. गार असताना थरथरतं आणि तापल्यावर सुधारतं? मिश्रण पातळ आहे (हवा जास्त, पेट्रोल कमी), कुठेतरी हवा घेतंय. फक्त पावसाळ्यात, तेही सकाळी? डिस्ट्रिब्युटर कॅप आणि प्लगच्या वायरी. स्लोवर खराब पण साठच्या स्पीडला गुळगुळीत? स्लो जेट, हवेची गळती किंवा एखादा घट्ट व्हॉल्व्ह. स्लोवर ठीक पण घाट चढताना मिस मारतं? करंट कमी पडतोय किंवा पेट्रोल कमी पोचतंय.

आता सायलेन्सरच्या तोंडाशी उभे राहा. 800 आरपीएमवर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला 400 वेळा पेटतो. एकच सिलिंडर मेलेला असेल तर ठराविक अंतराने येणारी खोट कानाला स्पष्ट कळते: फट-फट-फट-फुस्स, फट-फट-फट-फुस्स. खोट अशी तालात येत असेल तर दोष त्या एका सिलिंडरचाच: त्याचा प्लग, त्याची वायर, त्याचा व्हॉल्व्ह. बेताल, कधी इथे कधी तिथे येत असेल तर दोष चौघांना सामाईक असलेल्या भागात: कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, पेट्रोल. हा एक फरक पक्का केला की निम्मी शोधाशोध वाचते.

वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी सायलेन्सरच्या तोंडापासून तीन-चार सेंटीमीटरवर धरा. ती बाहेरच्या दिशेने सलग फडफडली पाहिजे. मध्येच आत ओढली जात असेल आणि तेही तालात, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही. मग प्लग-पॉइंटवर वेळ न घालवता सरळ कॉम्प्रेशन गेज लावा.

मेलेला सिलिंडर कोणता

इंजिन स्लोवर ठेवून एकेका प्लगची वायर काढा. जी काढल्यावर इंजिनचा आवाज पडतो तो सिलिंडर काम करतोय. जी काढून काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. रबरी मुठीचा पक्कड वापरा, हाताने वायर ओढू नका. काढलेली वायर हवेत लोंबकळत ठेवू नका, तिचं टोक लगेच इंजिनच्या उघड्या धातूला टेकवून ठेवा. ठिणगीला जायला वाट मिळाली नाही की तो दाब कॉइलच्या आतल्या इन्सुलेशनमधून किंवा रोटरमधून वाट काढतो, आणि तपासणी करता करता नवा दोष तयार होतो. आसपास पेट्रोलची गळती किंवा वास असेल तर ही चाचणी करूच नका. आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा.

मेलेल्या सिलिंडरचा प्लग शेजारच्या चालू सिलिंडरच्या प्लगशी अदलाबदल करा. खोट प्लगबरोबर सरकली तर प्लग गेला. मग वायरीचं तसंच. दोन्ही बदलूनही खोट त्याच सिलिंडरला चिकटून राहिली तर आतलं काम आहे. आणि शेजारचे दोन सिलिंडर एकदम मेलेले असतील, उदाहरणार्थ 2 आणि 3, तर दोघांच्या मधली हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्या. मात्र त्याआधी वायरी तपासा. या इंजिनचा फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. कॅपवरच्या दोन वायरी आपसांत बदलल्या गेल्या तरी दोन सिलिंडर मरतात, आणि कॅप काढून बसवल्यानंतर हे वारंवार घडतं. रोटर कोणत्या दिशेला फिरतो ते कॅप काढून डोळ्यांनी पाहा आणि त्या दिशेने 1-3-4-2 मोजा.

कॉम्प्रेशन आणि टॅपेट

इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलची मधली वायर काढून अर्थ करा (इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा), एक्सलरेटर पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर मारा. गेजचा काटा थांबेपर्यंत, साधारण पाच-सहा ठोके. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेली मापं खोटी कमी येतात, त्यामुळे पायाशी एक माणूस बसवा. या कमी कॉम्प्रेशन रेशोच्या इंजिनाला मोठे आकडे अपेक्षित नाहीत. 110 ते 140 पीएसआयच्या दरम्यान काहीही चालेल. महत्त्व चौघांतल्या फरकाला आहे. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत 15 टक्क्यांपेक्षा जास्त अंतर असेल तर स्लो कधीच सरळ होणार नाही, कार्बोरेटर नवा आणला तरी.

कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चांगला वर गेला तर रिंगा झिजल्या आहेत. तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

हेड उघडायच्या आधी टॅपेट बघा, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातलं अंतर. या गाड्या शिसं असलेल्या पेट्रोलसाठी बनल्या होत्या. व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये शिशाचा पातळ थर बसायचा आणि धातू धातूवर घासला जात नसे. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. जुन्या मऊ सीटवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तेव्हापासून हळूहळू आत रुततो. व्हॉल्व्ह आत गेला की त्याची दांडी वर येते आणि टॅपेटचं अंतर कमी होत जातं. म्हणून आवाज न करणाऱ्या टॅपेटवर खूश होऊ नका. गप्प टॅपेट घट्ट असू शकतो, घट्ट व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही, सीटला टेकल्याशिवाय त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि तो कडेने जळतो. थोडा टकटक करणारा टॅपेट इंजिन मारत नाही.

अंतर गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल तेवढंच ठेवा, आणि तिथे गार म्हटलं असेल तर इंजिन रात्रभर गार झालेलं पाहिजे. गिअर चौथ्यात टाकून सपाट जागेवर गाडी हळूहळू ढकलली की इंजिन हवं तेवढं फिरतं. प्लग काढलेले असतील तर आणखी सोपं. 1 आणि 4 ही जोडी, 3 आणि 2 ही दुसरी. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह झुलत असतात, म्हणजे एक्झॉस्ट नुकताच बंद होतोय आणि इनलेट उघडायला लागलाय, त्या क्षणी पहिल्याचे दोन्ही टॅपेट मोकळे असतात. ते लावा. मग दुसरा झुलताना तिसऱ्याचे, पहिला झुलताना चौथ्याचे, तिसरा झुलताना दुसऱ्याचे. रॉकरच्या टोकाला खळगा पडला असेल तर चपटी फिलर गेज खळग्याच्या कडांवर टेकते आणि खरं अंतर मापापेक्षा जास्त राहतं. अशा रॉकरचं टोक घासून सरळ करून घ्यावं लागतं.

दर दोन-तीन हजार किलोमीटरला एक्झॉस्टचं अंतर पुन्हा पुन्हा कमी झालेलं सापडत असेल, तर सीट रुतते आहे. टॅपेट लावत राहून हे थांबत नाही. हेड उतरवून कडक धातूच्या सीट बसवणं हाच उपाय, आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं असल्यामुळे हे काम चांगल्या मशीन शॉपलाच द्या.

डिस्ट्रिब्युटर: खरा गुन्हेगार बहुतेक वेळा इथेच

कॅप काढा आणि उजेडात धरा. आतल्या चार खांबांच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते का? ती कार्बनची वाट आहे, ठिणगी तिच्यावरून भलत्याच खांबाकडे जाते. घासून ती जात नाही, कॅप बदला. मधली कार्बनची कांडी दाबून पाहा, स्प्रिंगवर सहज आत-बाहेर व्हायला हवी. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर कॅपच्या आत दव धरतं. सकाळी सुरू न होणाऱ्या गाडीची कॅप काढून कोरड्या फडक्याने आतून पुसली तरी काम होतं. रात्री पूर्ण अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. वायरींवर, कॅपवर निळसर ठिणग्या पळताना दिसल्या तर कुठून करंट गळतोय ते तिथेच कळतं.

रोटरची चाचणी फार कमी लोक करतात. रोटर जागेवर ठेवा, कॅप बाजूला. कॉइलची मधली वायर पकडीने धरून तिचं टोक रोटरच्या मधल्या पितळी पट्टीपासून तीन-चार मिलिमीटरवर ठेवा आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. पट्टीकडे जाड ठिणगी सटासट उडत असेल तर रोटरचं इन्सुलेशन फुटलंय आणि करंट रोटरमधून खालच्या शाफ्टला जातोय. बाजारात मिळणारे स्वस्त रोटर याच दोषाने जातात. त्यांच्या पट्टीचा रिव्हेट शाफ्टच्या फार जवळ पोचतो. दिसायला नवे, म्हणून कोणी संशयच घेत नाही.

आता पॉइंट. गॅप 0.4 ते 0.5 मिलिमीटर, टाच कॅमच्या उंचवट्यावर असताना. वापरलेल्या पॉइंटवर एका बाजूला टोक आणि समोर खड्डा तयार झाला असेल तर फिलर गेज फसवते: गेज टोकावर टेकते, खरा गॅप मापापेक्षा जास्त असतो. म्हणून गॅपवर न थांबता ड्वेल मोजा, म्हणजे पॉइंट जोडलेले असताना कॅम किती अंश फिरतो ते. ड्वेल मोजणारा मल्टिमीटर जवळ असावा. या प्रकारच्या चार सिलिंडरच्या डिस्ट्रिब्युटरला 55 ते 60 अंश ड्वेल लागतो.

पंधरा दिवसांत गॅप कमी का होतो? कॅमवर घासणारी फायबरची टाच कोरडी चालते म्हणून. पॉइंट बदलताना कॅमवर ग्रीसचा पातळ हात फिरवायला हवा. जास्त नको, उडून पॉइंटवर बसतं आणि ते जळतात. रोटरखाली शाफ्टच्या टोकाला फेल्टचा तुकडा असेल तर त्यावर इंजिन ऑइलचे एक-दोन थेंब. हे केलं नाही तर टाच झिजते, गॅप मिटत जातो, ड्वेल वाढतो आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडतं. ड्वेल एक अंश वाढला की टायमिंग क्रँकच्या मापाने साधारण एक अंशाने मागे जातं. म्हणजे ड्वेल 56 वरून 64 वर गेला तर टायमिंग आठ अंशांनी ढळलं. गाडी सुस्त होते, तापते, आणि मेकॅनिक डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून देतो. पुढच्या वेळी तोच खेळ. म्हणून आधी गॅप आणि ड्वेल, मग टायमिंग. उलट क्रमाने केलेलं काम वाया जातं.

पॉइंट काळेनिळे पडून पंधरवड्यात जळत असतील तर दोन संशयित. पहिला कंडेन्सर. मल्टिमीटरवर तो 0.2 ते 0.25 मायक्रोफॅरडच्या आसपास दिसायला हवा. पण गार असताना बरोबर दिसणारा कंडेन्सर तापल्यावर फितूर होतो, त्यामुळे फक्त आकड्यावर विसंबू नका. गाडी तापून मिस मारायला लागली की खात्रीचा दुसरा कंडेन्सर बाहेरूनच लावा: त्याची वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला, बॉडी इंजिनला. जुन्याची वायर सोडवून बाजूला ठेवा. मिसिंग तिथल्या तिथे थांबलं तर शोध संपला. रस्त्यात अडकलेली गाडी याच पद्धतीने घरी नेता येते. नवा कंडेन्सर म्हणजे चांगला कंडेन्सर असं आज उरलेलं नाही. जुना चालणारा सापडला तर डिकीत जपून ठेवा.

दुसरा संशयित कॉइल. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी करणारा वेगळा रोध) नसलेल्या वायरिंगला साधारण 3 ओहम प्रायमरीची कॉइल लागते. दुकानात मात्र दीड ओहमच्या, बॅलास्टसाठी बनवलेल्या कॉइलही त्याच डब्याच्या दिसतात. गणित सोपं आहे. 12 व्होल्टला 3 ओहमवर 4 अँपिअर, दीड ओहमवर 8. तो दुप्पट करंट पॉइंटमधून जातो. पॉइंट भाजतात, कॉइल हाताला चटका देते, आणि गाडी तापल्यावर बंद पडते. कॉइलच्या दोन्ही छोट्या वायरी सोडवून टर्मिनलवर मल्टिमीटर लावला की एका मिनिटात उत्तर मिळतं.

आणि बुश. रोटर काढा, शाफ्ट चिमटीत धरून आडवा हलवा. हलताना पॉइंट उघडबंद होताना दिसले तर शाफ्टचा बुश गेला. अशा डिस्ट्रिब्युटरवर 0.45 मिलिमीटरचा गॅप काही अर्थाचा नसतो, कारण चालू इंजिनात तो दर फेऱ्याला बदलतो. पुरावा हवा असेल तर स्लोवरचा आणि 2000 आरपीएमवरचा ड्वेल मोजा. तीन अंशांपेक्षा जास्त फरक म्हणजे बुश बदलायची वेळ झाली. टायमिंग लाइट असेल तर आणखी पक्की परीक्षा आहे. पहिल्या सिलिंडरच्या वायरवर लाइट लावून खूण पाहा, मग चौथ्याच्या वायरवर लावून तीच खूण पाहा. 1 आणि 4 चे पिस्टन एकाच वेळी वर येतात, त्यामुळे दोन्ही वेळा खूण एकाच जागी दिसली पाहिजे. चार-पाच अंशांचा फरक दिसला तर शाफ्ट वाकडा किंवा बुश सैल. लेथवाल्याकडून फॉस्फर ब्राँझचा बुश करून घेता येतो. सच्छिद्र (सिंटर्ड) ब्राँझचा बुश असेल तर बसवायच्या आधी तो इंजिन ऑइलमध्ये एक रात्र बुडवून ठेवा.

एक शेवटची जागा, जी सर्वांत उशिरा सापडते. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटची पाटी आणि बॉडी यांना जोडणारी लहानशी विणलेली तार असते, आणि बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत येणारी दुसरी एक वायर. पाटी हलते तशा या दोन्ही वर्षानुवर्षे वाकत राहतात आणि कापडी किंवा रबरी आवरणाच्या आत तुटतात. बाहेरून धडधाकट. स्लोवर ठीक, एक्सलरेटर देताच झटका, सोडला की पुन्हा ठीक, असं असेल तर या तारा बोटाने ताणून बघा. तुटलेली तार रबरासारखी लांबते. बदलताना साधी जाड वायर घालू नका, खूप बारीक तारांची मऊ वायरच हवी.

पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून यातला बराच त्रास टळतो हे खरं. पण सैल बुश तसाच ठेवून बसवलं तर टायमिंग तसंच नाचत राहतं.

हवा कुठून घेतंय

मिश्रणाचा स्क्रू फिरवूनही इंजिनला काही वाटत नसेल, स्लो वर-खाली तरंगत असेल, तर फालतू हवा आत येते आहे. कार्बोरेटरखालची गॅस्केट आणि इन्सुलेटर, मॅनिफोल्डचे नट, व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स (मॅनिफोल्डच्या ओढीने टायमिंग पुढे नेणारी डबी) असेल तर त्याची नळी, या तीन जागा आधी. नट जरा जास्तच आवळल्यामुळे कार्बोरेटरचा पाया वाकतो. तो काढून काचेच्या तुकड्यावर ठेवा आणि दोन्ही कान आळीपाळीने दाबा. डुलत असेल तर काचेवर पॉलिश पेपर पसरून घासून सपाट करा. वाकड्या पायाखाली दोन गॅस्केट घालून सोडवणूक होत नाही.

गळती शोधायला पेट्रोल किंवा स्प्रे क्लीनर मारायची पद्धत सर्रास आहे. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या शेजारी ती आगीला आमंत्रण देते. त्याऐवजी झाडांना मारायच्या स्प्रेच्या बाटलीतून पाण्याचा बारीक फवारा सांध्यावर मारा, डिस्ट्रिब्युटर झाकून. जिथे पाणी लागताच इंजिनचा आवाज बदलतो, तिथे फट आहे.

नंतर थ्रॉटलची दांडी. इंजिन स्लोवर असताना ती बोटाने वर-खाली दाबा. आवाज बदलला तर दांडीच्या दोन्ही टोकांना बॉडीची भोकं लांबट झाली आहेत. अशा कार्बोरेटरला रिपेअर किट कितीही टाका, स्लो टिकणार नाही. भोकं मोठी करून पितळी बुश ठोकणं हे लेथचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

पेट्रोल

दहा-पंधरा किलोमीटर नीट चालून गाडी गुदमरायला लागली की थांबून टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी पुन्हा दहा किलोमीटर चालली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. एवढ्याशा भोकापायी पंप बदलले जातात.

एसी पंपाकडून (इंजिनवर चालणाऱ्या पेट्रोलच्या पंपाकडून) कार्बोरेटरला जाणारा पाइप सोडवून बाटलीत धरा, कॉइलची मधली वायर काढून अर्थ करा आणि स्टार्टर मारा. दर ठोक्याला भक्कम चिळकांडी यायला हवी. बुडबुडे येत असतील तर पंपाच्या आधी कुठेतरी पाइप हवा घेतोय. डिपस्टिक काढून ऑइलचा वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी आपोआप वाढली असेल तर पंपाचं डायफ्रॅम फाटून पेट्रोल इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतंय. तशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका. ऑइल पातळ होऊन बेअरिंग जातात. डायफ्रॅम आणि ऑइल दोन्ही एकदम बदला.

फिल्टरमध्ये तांबूस चिखल दिसतो? मग टाकी गंजली आहे, आणि हेच तुमच्या परत परत येणाऱ्या त्रासाचं मूळ असण्याची दाट शक्यता आहे. सोलेक्स कार्बोरेटरचा स्लो जेट इतका बारीक असतो की गंजाचा एक कण त्याला पुरतो. जेट साफ केला की गाडी पंधरा दिवस चालते, टाकीतून पुढचा कण येतो. जेटमध्ये तार घालून साफ करू नका, पितळेचं भोक मोठं होतं आणि मग मिश्रण कायमचं बिघडतं. कार्ब क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा पुरे. पण टाकी उतरवून साफ करणं टाळता येणार नाही.

20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे या गाड्यांना तीन वेगवेगळे त्रास होतात, ते एकात मिसळू नका. एक, ते जुना साठलेला राळेसारखा थर आणि गंज सोडवून पुढे ढकलतं. दोन, जुन्या रबराचे पाइप आणि डायफ्रॅम फुगतात, चिरतात. पाइप एसएई जे30 आर9 दर्जाचे घ्या आणि डायफ्रॅम इथेनॉल चालणारं आहे का ते विचारून घ्या. तीन, मिश्रण पातळ होतं. साध्या पेट्रोलला एका भागाला 14.7 भाग हवा लागते, ई20 ला साधारण साडेतेरा. तेवढंच पेट्रोल सोडणाऱ्या जेटमधून आता सात-आठ टक्के कमी पडतं. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. समजा 120 चा मेन जेट आहे, तर 125 चा घातल्यावर क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे एवढंच वर जायचं असतं. ड्रिलने जेट मोठा करून आणणाऱ्याच्या हाती कार्बोरेटर देऊ नका. आणि आधीचे सगळे दोष निघाल्याशिवाय जेटला हातही लावू नका, कारण हवेची गळतीही अगदी अशीच लक्षणं दाखवते.

गाडी महिनोन् महिने उभी राहत असेल तर टाकीच्या तळाचं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घेऊन अर्धा तास स्थिर ठेवा. खाली वेगळा थर बसला तर पाणी आणि इथेनॉल वेगळं झालंय. ते सगळं पेट्रोल काढून टाका. फ्लोट पितळी असेल तर कानाशी हलवून बघा. आत पेट्रोल खळखळलं तर भोक पडलंय, आणि जड फ्लोटमुळे कार्बोरेटर वाहतो, प्लग काजळतात.

प्लगच्या रंगाबद्दल एक सावधगिरी. आजच्या पेट्रोलवर जुन्या पुस्तकांतला बिस्किटासारखा तपकिरी रंग फारसा येत नाही, निरोगी प्लगही फिका दिसतो. पांढराफटक आणि कडा वितळल्यासारखा असेल तर पातळ मिश्रण, मखमली काळा असेल तर घट्ट, ओला तेलकट असेल तर ऑइल. स्लोवर उभी ठेवून काढलेला प्लग फक्त स्लोबद्दलच सांगतो.

मुंबईत टॅक्सी म्हणून चाललेली पद्मिनी घेतली असेल तर सीएनजीचं उरलंसुरलं सामान शोधा. कार्बोरेटरच्या तोंडावर बसवलेली मिक्सरची रिंग काढायची राहिली असेल तर ती हवेची वाट अडवते. पेट्रोलच्या पाइपात बसवलेला सोलेनॉइड व्हॉल्व्ह अर्धवट उघडत असेल तर घाटात पेट्रोल कमी पडतं. आणि सीएनजीवर वर्षानुवर्षे चाललेल्या हेडच्या सीट तपासल्याशिवाय बाकी कशावर खर्च करू नका.

स्लो लावणं, शेवटी

आता कार्बोरेटर. इंजिन पूर्ण तापलेलं, चोक पूर्ण उघडा, एअर फिल्टर जागेवर. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने आत टेकवा, आवळू नका, टोक चेपतं. तिथून दीड ते दोन फेरे बाहेर. स्लोचा स्क्रू 800 आरपीएमच्या आसपास ठेवा. मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत इंजिन सर्वांत वेगाने चालतं ती जागा शोधा, स्लो पुन्हा खाली आणा, मिश्रण पुन्हा शोधा. दोन-तीन वेळा केलं की स्क्रू बसतो. अर्धा फेरा इकडे-तिकडे केल्यावर इंजिनने लगेच बोललं पाहिजे. स्क्रू पूर्ण आत टेकला तरी इंजिन चालूच राहत असेल तर थ्रॉटल गरजेपेक्षा जास्त उघडा आहे, आणि अजून कुठेतरी एखादा सिलिंडर कमी काम करतोय.

ड्वेल, टायमिंग, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन आणि स्क्रूचे फेरे एका वहीत लिहून ठेवा. 500 किलोमीटरनंतर काहीही न फिरवता ड्वेल पुन्हा मोजा. दोन अंशांच्या आत असेल तर टाच आणि बुश ठीक आहेत. त्यापेक्षा जास्त वाढला असेल तर कॅमवरचं ग्रीस आधी बघा, ते असूनही वाढत असेल तर दुसऱ्या बनावटीचे पॉइंट घ्या. पुढचं माप 2000 किलोमीटरला, एक्झॉस्ट टॅपेटबरोबर.